अंथुर्ण्याची बाटली

अक्कांचा फोन आला तेव्हा मी बारामतीत घरीच दाढी करत होतो. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आणि आबा त्यांचे यजमान, म्हणजे माझे साडू. "हे गेले, पाव्हणं..." एवढं बोलून त्या थांबल्या. मग त्यांनी आवाज सावरला. "त्या फ्रान्सच्या माणसाला कळवा. त्याला कळलं पायजे." त्यांच्या अंथुर्ण्यात कुणी गेलं की निरोप आसपासच्या बावड्याला जातो, पिंपळीला जातो. आबांचा निरोप सगळ्यांच्या आधी फ्रान्सला गेला. त्या दुःखातही मला याचा अभिमान वाटला आणि आज महिना उलटल्यावरही वाटतो.

आबा शेतकी पदवीधर होते, पण त्या पदवीचा उपयोग त्यांनी बराच काळ फक्त माझ्याशी वाद घालायला केला. घरी पिढीजात ऊस, कारखान्याचं सभासदत्व, सगळं रुळावर चाललेलं. मग एकदा द्राक्षबागायतदारांच्या सहलीबरोबर ते फ्रान्सला जाऊन आले. आमच्यासाठी अत्तर नाही, चॉकलेट नाही. आणली ती एकच गोष्ट, आणि ती त्यांनी भेटेल त्याला ऐकवली. विमानतळावरच्या दुकानात कुठल्या कुठल्या देशांची माणसं बाटल्या हातात घेऊन नावं वाचत होती. "ती गावांची नावं व्हती, साडूभाऊ. शॅम्पेन म्हंजे मुलूख हाय, कोन्याक म्हंजे गाव. आपल्या पिंपळीएवढ्या गावाचं नाव घेऊन जपानचा माणूस बाटली मागतोय. आन् आपला ऊस? एकदा कारखान्याच्या काट्यावर गेला की अंथुर्ण्याचा कुठला न् बावड्याचा कुठला, कुणाला कळतंय?" मी म्हणालो, साखर गोड लागली म्हणजे झालं. त्यावर ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

वरच्या अंगाच्या मुरमाड रानातला ऊस काढून त्यांनी तिथं वाइनची काळी द्राक्षं लावली. शिराज नावाची ही जात मूळची फ्रान्सचीच. पहिलं पीक काय देखणं आलं होतं! बारामतीहून आम्ही सगळे मुद्दाम बघायला गेलो. टपोरे, पाणीदार मणी, घड हातात मावत नव्हते. द्राक्षं घेणाऱ्या वाइनरीच्या तज्ज्ञानं एक मणी तोंडात टाकला आणि म्हणाला, "खायला उत्तम आहेत, आबा. घरी न्या." आबांनी उसाच्या हातानं द्राक्षाला पाणी पाजलं होतं. वाइनला लहान, जाड सालीचा मणी लागतो, वेल थोडा तहानेला ठेवावा लागतो. हे सगळं आबांना तोंडपाठ होतं. पण पानं जरा माना टाकायला लागली की उसात वाढलेला माणूस कसा गप्प बसणार? ते उठायचे आणि मोटार चालू करून यायचे.

यावर त्यांनी काढलेला तोडगा फक्त त्यांनाच सुचू शकत होता. त्या रानाच्या बोअरची मोटार वेगळी होती. तिच्या पेटीला त्यांनी कुलूप घातलं, किल्ली अक्कांच्या जुडग्यात अडकवली आणि बजावलं, "मण्यात रंग भरायला लागला की मी मागितली तरी द्यायची न्हाय." अक्कांनी ती खरंच दिली नाही. आबा चिडायचे, आर्जवं करायचे, एकदा तर जेवणावरून उठले. अक्का जुडगा कमरेला खोचून भाकरी थापत राहायच्या.

आणि या त्याच अक्का, ज्यांनी गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं होतं. बायकांचं मतदान झालं तेव्हा चिठ्ठीवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद; आडव्या बाटलीवर शिक्का मारा म्हणून त्या दारोदार फिरल्या होत्या. द्राक्षं लावायला त्यांची ना नव्हती. वाइन तयार झाली, उत्तम झाली, तेव्हा आबांनी बाटलीवर गावाचं नाव घालायचं काढलं आणि तिथं त्या अडून बसल्या. "माझ्या गावाचं नाव दारूच्या बाटलीवर नगं." आबा त्यांना वाइनरीत घेऊन गेले. तळघरात रांगेनं आडव्या ठेवलेल्या बाटल्या दाखवून म्हणाले, "बघ, समद्या तुझ्याच पक्षाच्या हायेत." अक्का हसल्या, पण हलल्या नाहीत. ज्या एका गोष्टीसाठी आबांनी ऊस मोडला होता, तीच हातची चालली होती. तरी त्यांनी अक्कांचा शब्द मोडला नाही. पहिल्या वर्षापासून बाटल्यांना नुसती कोरी पांढरी चिठ्ठी लागत गेली.

मग वाइनरीच्या ओळखीनं तो फ्रेंच पाहुणा आला. स्वतःच्या गावी त्याचं वाइनचं दुकान होतं. सोबत पुण्याची एक मुलगी दुभाषी म्हणून. आबांच्या ओसरीवर आमच्यासोबत बसून त्यानं घोट घेतला, डोळे मिटले, पुन्हा घेतला. मग बाटली फिरवून बघितली आणि विचारलं, ही कुठल्या गावची? आबांनी मान खाली घातली. तो पुढं म्हणाला, आमच्याकडे ज्या वाइनची लाज वाटते, तिचंच गाव लपवतात.

स्वयंपाकघराच्या दारातून अक्का बाहेर आल्या. "त्याला इचार, त्यांच्याकडं ही पिऊन कुणी गटारात पडत न्हाय का?" मुलीनं घाबरत घाबरत विचारलं. पाहुणा म्हणाला, पडतात, माझा सख्खा भाऊ पडायचा. "खोटं बोलत न्हाय माणूस," अक्का म्हणाल्या. मग त्यांनी पाहुण्याला थेट सांगितलं, "अंथुर्ण्याची हाय ही. पाच वरसं मी तहानेली ठिवलीय तिला." आणि आबांकडे वळल्या, "नाव लिवा. पण गावात एक बाटली इकायची न्हाय."

मी आबांना इतकं आनंदी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही.

आता अंथुर्ण्याची वाइन फ्रान्समध्ये मिळते, अंथुर्ण्यात मिळत नाही. गेल्या वर्षी त्या पाहुण्यानं दुकानातल्या फळीचा फोटो पाठवला. शेजारीपाजारी तिथल्या नामांकित गावांच्या बाटल्या, आणि मधोमध देवनागरीत आमचं गाव. शेवटच्या आजारपणात आबांनी तो फोटो दवाखान्यातल्या सगळ्यांना दाखवला, सलाइन लावायला आलेल्या नर्सलाही. मी भेटायला गेलो तर मलाच पुन्हा दाखवला. "वाचा, साडूभाऊ. मोठ्यानं वाचा." मी वाचलं. ते खुशीत उशीला टेकले. माणसं मनात काही ना काही ठेवून जातात म्हणे. आबा जिंकून गेले.

परवा मी त्या रानात गेलो होतो. मणी रंगात आलेत. दुपारच्या उन्हात पानांनी माना टाकल्या होत्या आणि माझा जीव कळवळला. मीही उसातलाच. घरी येऊन अक्कांना म्हणालो, बाग सुकतेय, घटकाभर तरी मोटार लावू. जुडगा कमरेलाच होता. त्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "'मी मागितली तरी द्यायची न्हाय', असं हे सांगून गेल्यात. तुमी कोण, पाव्हणं?"