होळीच्या लाकडातली भिरूड

मी भुंगेरे पाळतो. हे वाक्य मी जिथे जिथे उच्चारलंय, तिथे समोरच्या माणसाने खुर्ची थोडी मागे सरकवलेली आहे. कुत्रं पाळणाऱ्याला लोक त्याचं नाव विचारतात, पोपट पाळणाऱ्याला तो काय बोलतो ते विचारतात. मला एकच विचारतात, "घरचे काही बोलत नाहीत का?"

बोलतात ना! भरपूर बोलतात.

सुरुवात आमच्या शेवटच्या आंब्यापासून झाली. रहाटणीत आमचं रान होतं. आता तिथे इमारती आहेत आणि त्यातल्याच एकीत चौथ्या मजल्यावर आम्ही राहतो. म्हणजे आप्पा (माझे वडील) ज्या बांधावर बसून भाकरी खायचे, त्याच्या बरोबर वर, हवेत! बांधावरचा एक आंबा तेवढा राहिला होता. तोही आतून पोखरला, आणि पार्किंगमधल्या गाड्यांवर पडेल म्हणून गेल्या वर्षी उन्हाळ्यात तोडावा लागला. तोडताना बुंध्यातून अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्याफटक अळ्या निघाल्या. आमच्याकडे हिला भिरूड म्हणतात. शेतकरी हे नाव घेताना बरोबर एक शिवीही घेतो. बायका किंचाळल्या, वॉचमनने काठी उगारली, आणि मी एक अळी तळहातावर घेतली. मला ती आवडली. का, ते विचारू नका. आवडली.

दोन ओंडके मी लिफ्टमधून घरी आणले. लिफ्टमध्ये भुसा सांडला म्हणून सेक्रेटरी बोलले, आणि दारात शैला बोलली.

"हे काय आणलंत?"

"लाकूड."

"ते दिसतंय. आत काय आहे?"

"जीव आहेत गं."

"बाहेर आले तर मी माहेरी जाईन." (तिचं माहेर थेरगाव. रिक्षाने जाऊन संध्याकाळच्या भाजीला परत येता येतं, त्यामुळे या धमकीला पूर्वीइतका जोर राहिलेला नाही.)

पावसाळ्यात ते बाहेर आलेच. करडे, ठसठशीत, पाठीवर पिवळसर ठिपके, आणि नराच्या मिशा तर अंगाहून लांब! मी एक जोडी जाळीच्या पेटीत ठेवली. त्यांना खायला उंबराच्या कोवळ्या फांद्यांची साल लागते. मग काय, रोज सकाळी शिफ्टला जायच्या आधी मी कोपऱ्यावरच्या उंबराखाली उभा! लोकांनी पाहिलं. सासूबाईंपर्यंत बातमी गेली की जावई दत्ताचं करायला लागले, उंबराला जाऊन आल्याशिवाय पाणी पीत नाहीत. त्यांनी गुरुवारी पेढे पाठवले. खरं सांगणं माझं कर्तव्य होतं. पण पेढे चांगले होते.

मादीने दुसऱ्या ओंडक्याच्या सालीत खाचा पाडून अंडी घातली आणि थोड्याच दिवसांत त्या ओंडक्यातून आवाज यायला लागला. कर्र, कर्र, कर्र. आत माझी पहिली घरची पैदास लाकूड कुरतडत होती! मला इतका आनंद झाला की मी कंपनीत पेढे वाटणार होतो. कारण काय सांगायचं ते सुचेना म्हणून राहून गेलं.

आता मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, हे इथे सांगायला हवं. सगळी गडबड त्यातूनच झाली. आमच्याकडे प्रत्येक मालाला टॅग असतो. हिरवा म्हणजे ओके. पिवळा म्हणजे होल्ड, कुणी हलवायचा नाही. लाल म्हणजे रिजेक्ट, स्क्रॅपला काढा. ओंडक्याला कुणी हात लावू नये म्हणून मी बॅगेतून पिवळा टॅग काढायला गेलो, तर पिवळे संपलेले. हातात लाल आला. म्हटलं, घर आहे, इथे कोण ऑडिट करतंय? आणि बांधला लाल!

आमच्या घरात ऑडिट करणारा माणूस होता, हे मी विसरलो. आप्पांनी रान सांभाळून पिंपरीच्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये उभी नोकरी काढलेली आहे.

होळीच्या दिवशी फर्स्ट शिफ्ट करून, मोशीच्या ट्रॅफिकमध्ये जीव मेटाकुटीला आणून घरी आलो. पुरणाचा वास दरवळत होता. सवयीने गॅलरीत गेलो. ओंडका नाही!

"शैला! लाकूड कुठंय?"

"आप्पा घेऊन गेले दुपारी. होळीला."

"कुठल्या होळीला?"

"गावाच्या. पहिलं लाकूड आपलं असतं ना! काय आनंदात होते ते. नवा फेटा बांधून गेले."

गावठाणातल्या होळीत पहिलं लाकूड आमच्या घरचं उभं करतात, आणि पेटवायचा मानही आमचाच. पिढ्यांचा रिवाज! आणि होळीला दिलेली वस्तू परत घ्यायची नसते. बोंब मारा, शिव्या द्या, रडा, काहीही करा. परत नाही.

खाली कोपऱ्यावर रफिकभाईंचं गॅरेज आहे. मला चपला हातात घेऊन धावताना पाहून त्यांनी विचारलंसुद्धा नाही, गाडीला किक मारली. "बसा राव! कौन सीरियस है?"

"अळ्या!"

"कोण?"

"भुंगेरे, भाई! होळीत आहेत!"

रफिकभाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि गाडीचा वेग वाढवला. पुढे कधीतरी म्हणाले, मला आधी वाटलं तुम्हाला ऊन लागलं, म्हणून दवाखान्यातच नेणार होतो.

चौकात पोचलो तर होळी रचून तयार! मधोमध खड्ड्यात माझा ओंडका उभा, त्याला हळदकुंकू, गळ्यात झेंडूची माळ. भोवती गोवऱ्यांचा ढीग. आणि माळेतून डोकावणारा लाल टॅग. आप्पा फेटा सावरत गावकऱ्यांत उभे होते. मी त्यांना बाजूला घेतलं.

"आप्पा, ते लाकूड का दिलंत?"

"का म्हंजी? लाल टॅग लावलावता तूच. रिजेक्ट माल घरात ठिवत्यात व्हय? आमच्या स्टोअरला असं कुणी केलं असतं तर मेमो मिळाला असता."

"अहो, त्यात माझ्या अळ्या आहेत! जिवंत!"

आप्पांचा चेहरा बदलला. "भिरूड? तू भिरूड पाळतूस? मला वाटलं, त्या पेटीतलं काय शोभेचं किडं हायेत. आरं, उभा जन्म मी झाडाच्या भोकात तार घालून, राकेलचा बोळा कोंबून ती मारली! तिनंच आपला आंबा खाल्ला. आन् तू तिला उंबराचा पाला चारतूस?"

"पाला नाही, साल."

"गप!"

मग ते हळू आवाजात म्हणाले, "हे बघ बाळ्या. रान गेलं. आंबा गेला. गेल्या साली वखारीतनं लाकूड इकत आनलं आन् मानाचं म्हनून लावलं. रातभर झोप न्हाई आली मला. औंदा आपल्या बांधावरचं हाय. शेवटचं. पुढल्या साली कुठनं आनू?"

त्यांचं खरं होतं. मी मागे जाऊन रफिकभाईंशेजारी उभा राहिलो.

पूजा सुरू झाली. गुरवांनी मंत्र म्हणायला घेतले, बायकांनी पाणी फिरवलं, सगळे हात जोडून शांत उभे. आणि त्या शांततेत ओंडक्यातून आवाज आला.

कर्र. कर्र. कर्र.

गुरव थांबले.

"कोन दात खातंय?" बबनकाका म्हणाले. हे होळीचे व्यवस्थापक, माइक कायम यांच्याच हातात.

कर्र, कर्र.

"लाकूड बोलतंय गं बाई!" एक आजी पुढे झाल्या आणि त्यांनी ओंडक्याला डोकं टेकलं. पाठोपाठ रांग लागली. कुणी मुलाच्या नोकरीचं सांगितलं, कुणी गुडघेदुखीचं. एक ताई ओंडक्याला कान लावून म्हणाल्या, "हो म्हणतंय!" माझ्या अळ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माणसांची कामं अंगावर घेतली होती, आणि अजून थोड्या वेळाने त्या जळणार होत्या.

बबनकाकांनी माइकवरून सांगितलं, "मानकरी, पुढं या!" आप्पा पेटता काकडा घेऊन पुढे झाले. आणि सगळ्या गावाने तोंडावर उलटा हात नेऊन बोंब ठोकली!

माझ्याने राहवलं नाही. मी गर्दीत घुसून जीव खाऊन ओरडलो, "थांबा! पेटवू नका! आत जीव आहेत! थांबाऽऽऽ!"

होळीच्या बोंबेत माणसाचं ओरडणं कुणाला ऐकू येतंय? उलट लोकांनी मला वाट करून दिली. कुणीतरी पाठ थोपटली. बबनकाका खूश होऊन माइकवर म्हणाले, "वा! बघा, याला म्हनत्यात बोंब! फ्लॅटमधी राहून इसरला न्हाई गडी!" मग मी जेवढा जास्त ओरडलो, तेवढी गावाला जास्त स्फूर्ती आली. रफिकभाईसुद्धा ओरडायला लागले, "रुको भाई, रुको!" त्यांचीही तारीफ झाली.

आप्पा ओंडक्यापाशी वाकले होते. काकडा गोवरीला लागणार, एवढ्यात त्यांची नजर माझ्याकडे गेली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते तसेच थांबले. मग काकडा गुरवांच्या हातात दिला.

"बबन, बोंब थांबीव."

बोंब थांबली.

"लाकूड भाईर काढा."

चौकात एकदम कुजबुज सुरू झाली. बबनकाका म्हणाले, "आप्पा, होळीला दिलेलं माघारी घ्यायचं न्हाई. तुमीच सांगता दरसाली."

"माघारी कोन घेतंय? म्या होळीला लाकूड दिलंय. किडं दिल्यात का? लाकूड होळीचं, किडं माझ्या पोराचं. लाकूड फोडतो, किडं काढतो, आन् लाकूड हितंच पुन्हा ठिवतो. ढलपीबी घरी न्हेनार न्हाई."

बबनकाका विचारात पडले. त्यांनी गुरवांकडे पाहिलं. गुरवांनी आभाळाकडे पाहिलं. हा मुद्दा आजवर कुठल्याच होळीत निघालेला नव्हता, त्यामुळे कुणाला विरोध करता येईना.

कुऱ्हाड आली. आप्पांनी फेटा, नैवेद्य घेऊन मागोमाग आलेल्या शैलाच्या हातात दिला, सालीवरच्या भोकांवरून बोट फिरवलं, आणि रेषेला धरून असा घाव घातला की ओंडका उभा उकलला, पण अळीला धक्का नाही! रफिकभाईंनी गाडीवरून जाऊन आणलेला गॅरेजमधला मोठा दिवा वर धरला. मी एकेक अळी उचलू लागलो. ठेवायला भांडं नव्हतं. शैलाच्या हातात नैवेद्याचा रिकामा स्टीलचा डबा होता. तिने आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्या नाकाडोळ्यांकडे, आणि झाकण उघडलं.

"हा डबा आता तुमचा," ती म्हणाली. "नवीन आणून द्यायचा."

मघाच्या आजींनी डब्यात डोकावून पाहिलं. ज्याला डोकं टेकवलं, नोकऱ्या आणि गुडघे सांगितले, ते आतमध्ये वळवळत होतं. पण आजी मोठ्या मनाच्या. "असू दे," म्हणाल्या, "ऐकून तर घेतलं." ढलप्या पुन्हा खड्ड्यात रचल्या. आप्पांनी आमच्या बांधावरचा शेवटचा आंबा आपल्या हाताने पेटवला आणि बराच वेळ तिथून हलले नाहीत. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

"असा तर तू धाव्वीत नापास झाल्यावरबी रडला न्हाईस," ते म्हणाले.

"तेव्हा अळ्या नव्हत्या, आप्पा."

घरी पहिला ओंडका होताच. रफिकभाईंनी ड्रिल मशीनने त्यात भोकं पाडून दिली, आणि मी एकेका भोकात एकेक अळी सोडून वर भुसा दाबला. या वेळी टॅग पिवळा लावला. आप्पांनी स्वतः तपासून घेतला. आणि गंमत म्हणजे रोज संध्याकाळी तेच ओंडक्याला कान लावून बसायला लागले. "खातंय, खातंय. ब्येस खातंय!" ज्या माणसाने आयुष्यभर तार घालून ती मारली, तो आता शैलाला सांगायचा, "सूनबाई, गॅलरीत फिनेल टाकू नगस. पोरांना तरास व्हतो."

पावसाला सुरुवात झाली आणि ते निघाले. एकामागून एक, सगळेच्या सगळे! पाठीवर ठिपके, लखलखीत अंग. आणि मिशा? प्रत्येकाच्या मिशा अंगाहून लांब.

मी पुन्हा पुन्हा पाहिलं. भिंग लावून पाहिलं.

"काय झालं?" आप्पांनी विचारलं.

"आप्पा, सगळे नर आहेत."

"समदी पोरंच?"

"हो. एकसुद्धा मादी नाही. जुनी जोडी तर केव्हाच गेली. पैदास इथेच थांबली."

आप्पा कपाळाला हात लावून खाली बसले. "आरं देवा! गावात आदीच बिनलग्नाची पोरं काय कमी हायेत का, तर तू ही आनिक फौज उभी केलीस!"

तेव्हापासून दर रविवारी मी आणि आप्पा मावळात वाड्यावस्त्यांवर मादी शोधत हिंडतोय. बांधावरच्या माणसाला "तुमच्या आंब्याला भिरूड आहे का हो?" विचारलं की तो भडकतो, जणू त्याच्या घराण्यात वेड आहे का असं विचारलंय. मग आप्पा नीट मांडीच घालून बसतात. मुलं चांगली आहेत म्हणतात, अंगापिंडाने मजबूत, फ्लॅटमध्ये राहतात, खायला घरचा उंबर. अजून कुठे जमलेलं नाही. काल चिखलाने माखून दोघं घरी आलो, तर शैलाने गरम पाणी काढून ठेवलं होतं.

"आप्पा," ती म्हणाली, "यांच्या लग्नाच्या वेळी किती ठिकाणी हिंडला होतात?"

"कुठं गं! थेरगावात पहिल्याच घरी च्या प्यालो आन् जमलं."

"तेव्हा एवढंच हिंडला असतात," शैला माझ्याकडे पाहत म्हणाली, "तर मी वाचले असते."