सूर लागला, म्हणजे बरा झाला?

मला लिहायला लावू नका, असं मी गौरीला चांगलं बजावून सांगितलं होतं. मी शाळेत गेलो चौथीपर्यंत, तेही गुरुजींना चुकवत. पण ऐकेल ती गौरी कसली! बुधवार पेठेत आमचं ब्रास बँडचं दुकान आहे, त्याची ती मालकीण. आमच्या बँडमास्तरांची सून. मला म्हणते, "अण्णा, चहाला बसलात की तेच तेच सांगता. आमचे कान किटले. एकदा कागदावर उतरवा, म्हणजे तुम्ही सुटाल आणि आम्हीपण!"

ह्याला म्हणे विनंती.

तर लिहितो. वाचायचं तर वाचा.

बँडवाल्याकडे किस्से साठतात, कारण त्याचं निम्मं आयुष्य वाट बघण्यात जातं. नवरदेवाचा फेटा बसत नाही, घोडी येत नाही, मामा रुसून बसलेला असतो. तोवर आम्ही फुटपाथवर बसून बोलतो. पूर्वी बोलायचो ते वरातीत कोण पिऊन पडला, कुणी कुणाची कॉलर धरली असलं काहीबाही. गेल्या काही वर्षांत साठलेत ते किस्से निराळेच आहेत. माणसाला ताप येतो, माणूस बरा होतो, पेढे वाटतो, आणि मग धाडकन पडतो. तापात नाही हो, बरा झाल्यावर! माझ्या डोक्यात हे अजून बसलेलं नाही.

*

पहिले मास्तरच.

कोरोनात मास्तर हॉस्पिटलात होते. सुटून आले तेव्हा आम्ही ठरवलं, वाजवत घरी न्यायचं. बँडवाल्याला दुसरं काय येतं? गल्लीच्या तोंडाशी लांब लांब उभे राहिलो, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. मी मोठा ढोल वाजवतो, त्यामुळे माझं अडलं नाही. पण फुंकणाऱ्यांनी फुंकायचं कसं? आमचा उस्मान, कॉर्नेटवाला, मास्कावरच कॉर्नेट टेकवून नुसती बोटं दाबत उभा!

एवढ्यात पोलीस आला. "काय चाललंय इथं?"

उस्मान म्हणाला, "वाजवतोय साहेब."

"आवाज कुठंय?"

"मास्क लावायला तुम्हीच सांगितलंय ना!"

पोलिसाने कपाळाला हात लावला आणि तोंड फिरवून उभा राहिला. मास्तर रिक्षातून उतरताना हसले. तसे हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

आता आमच्या दुकानाची एक रीत सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आजारातून उठलेल्या माणसाने दुकानाच्या पायरीवर उभं राहून एक सूर धरायचा, लांबच लांब, मध्ये श्वास न घेता. सूर हलला नाही की पास, दुसऱ्या दिवसापासून कामावर. मास्तरांनीच घातलेली रीत. म्हणायचे, "फुंकणाऱ्याला डॉक्टरचं सर्टिफिकेट कशाला? त्याची छातीच सांगते."

मास्तर आले आणि थेट पायरीवर उभे राहिले. सूर धरला. अहो, काय सूर होता! समोरचा वायरीवाला दुकान सोडून बाहेर आला.

त्यानंतर आठवडाभरही झाला नसेल. सकाळी पोहे खाताना गौरीला म्हणाले, "जरा लिंबू दे." ती लिंबू घेऊन वळली, तर मास्तर खुर्चीतच मान टाकून. गेले होते. हृदयाचा झटका.

कोरोनाचा रिपोर्ट काय आला होता माहितीये? निगेटिव्ह! घरच्या मंडळींनी तो कौतुकाने फ्रिजवर चिकटवला होता.

*

त्या दिवसापासून मला धास्ती लागली, आणि खरं सांगायचं तर एकाच माणसाची. उस्मानची.

त्याचं माझं पटतं असं समजू नका. जन्मभर शेजारी उभे राहून वाजवतोय आणि जन्मभर भांडतोय. तो म्हणतो मी ताल ओढतो, मी म्हणतो तो पळतो. पण वरातीत गाणं कॉर्नेट गातं. कॉर्नेट पडलं तर बाकीचे नुसते पत्रे. आणि उस्मान पडला तर मी भांडू कुणाशी? दत्तूशी? तो तर चूक नसताना सॉरी म्हणतो.

*

दत्तू आमचा क्लॅरिनेटवाला. मध्ये फ्लूची साथ आली होती, त्यात आठवडाभर फणफणला. बरा झाला. पायरीवर आला, सूर धरला, पास! टाळ्या झाल्या, चहा झाला. मग उठून टेम्पोत सामान चढवायला लागला आणि तिथेच फळीवर बसला. कपाळावर हा घाम!

"काय रे?"

"काही नाही, सॉरी. छातीत जरा दाबल्यासारखं होतंय. अ‍ॅसिडिटी असेल."

झालं. अ‍ॅसिडिटी म्हटल्यावर आमच्यात सगळेच डॉक्टर! एकाने सोडा आणला, एकाने पाठीवर थापट्या मारल्या. उस्मान म्हणाला, "ढेकर काढ, मोकळा होशील." ढेकर काही आली नाही. दत्तूचा डावा हात दुखायला लागला, तेव्हा गौरीने ओरडून रिक्षा थांबवली आणि त्याला सदाशिव पेठेत डॉक्टरबाईंकडे नेलं. मीही बसलो मागे.

बाईंनी ईसीजीची पट्टी काढली, बघितली आणि ताबडतोब अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "ह्यांना काय दिलंत?"

"सोडा."

"नुसता? लिंबू पिळलं नाहीत?"

मी म्हटलं, "लिंबू नव्हतं." बाकीचं गौरीने सांगून टाकलं.

"आपण ह्यांना चहा पाजलात, सूर लावायला लावलात, टेम्पोत सामान चढवायला लावलंत. आता वरात तेवढी राहिली होती!"

दत्तू वाचला. छातीत स्प्रिंग बसवलीय. शुद्धीवर आल्यावर पहिला शब्द काय, तर "सॉरी."

*

निवृत्तीचं मात्र सांगवत नाही. तरी लिहितो.

निवृत्ती ट्रंपेटवाला, तिकडे अमरावतीकडचा. त्यालाही असाच ताप येऊन गेला होता. सकाळी दुकानात प्रॅक्टिसला बसला, तर सूर लागेना. तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून हवा निसटायची. फुस्स!

आता तुम्ही काय म्हणाल? डॉक्टर. आणि आम्ही काय म्हणालो? माउथपीस खराब!

माउथपीस बदललं. फुस्स. दुसऱ्याचा ट्रंपेट दिला. फुस्स. उस्मान म्हणाला, आजारपणात ओठांची सवय गेलीय, तूप लाव. तूप लावलं. त्याला आरशासमोर बसवला आणि म्हटलं ओठ आवळ. बिचारा आवळत बसला.

"वठ काम करून नाही राह्यला ना, अण्णा," तो म्हणाला. तेही बोबडं आलं.

उस्मान म्हणाला, "तोंडात तंबाखू ठेवून कसा वाजेल?"

तंबाखू नव्हतीच. आम्ही बोट घालून बघितलं!

दुपारी गौरी डबा घेऊन आली. निवृत्तीचं तोंड बघितलं आणि तिच्या हातातून डबा सुटला. अख्खी सकाळ ते वाकडं तोंड आमच्यासमोर होतं, आरशातही होतं, आणि आम्ही पितळ तपासत होतो!

हॉस्पिटलातल्या डॉक्टरने विचारलं, "हे कधी सुरू झालं?" सांगितलं, सकाळी. त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, "मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते सुरुवातीच्या थोड्या तासांतच. ती वेळ गेली."

निवृत्ती जिवंत आहे. बँडमध्येही आहे.

आता खुळखुळा वाजवतो, उजव्या हाताने.

*

मग गौरीने डॉक्टरबाईंना दुकानातच बोलावलं. सगळ्यांना रांगेत बसवलं, वरातीआधी बसवतात तसं.

बाई म्हणाल्या, "व्हायरस गेला म्हणजे त्याने केलेला पसारा गेला असं नाही. रक्तवाहिन्यांना आतून सूज राहते, रक्त गोठायला सोकावतं, हृदयाच्या स्नायूलाही सूज येते कधीकधी. पुढचे काही आठवडे जपायचं. बीपी आणि साखर असलेल्यांनी जास्त. छातीत दाबलं, दम लागला, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं जड झालं, की सोडा नको, तूप नको. थेट हॉस्पिटल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एक उस्मान तेवढा हात वर करून उभा. "बाई, म्हणजे आम्ही वाजवणं बंद करायचं का?"

"छे! मेल्यावर आपोआप बंद होतं. तोवर हळूहळू सुरू करायचं."

पुढे बाईंनी सगळ्यांना हसायला सांगितलं. तोंड वाकडं आहे का ते हसल्यावर लगेच कळतं म्हणे. सगळे हसले. उस्मान नाही. तो लग्नात कधी हसलेला नाही, स्वतःच्याही. बाई म्हणाल्या, "ह्यांचं काय करायचं?"

मी म्हटलं, "ह्याचं तोंड आधीपासूनच वाकडं आहे!"

त्यावर तो माझ्याशी महिनाभर बोलला नाही.

*

आणि त्यालाच ताप आला. ऐन लग्नसराईत.

उतरला ताप. बाईंनी सांगितलं, अजून काही दिवस घरी बसा. बीपीची गोळी चुकवू नका. हा बसला का? तर नाही. युनिफॉर्म घालून दुकानात हजर. पायरीवर सूर धरायला गेला. गौरी आडवी उभी राहिली. "चाचा, ती रीत बंद केलीय मी."

"सूनबाई, मास्तरांची रीत आहे."

"मास्तर त्याच रीतीने गेले."

उस्मान पायरीवरून खाली उतरला. पण वरातीला आलाच. स्वारगेटच्या अलीकडे एका कार्यालयाची सुपारी होती. मी त्याच्या मागेच उभा राहिलो. म्हटलं, डोळे पुढे ठेवायचे, हात आपोआप वाजवतो.

वरात निघाली. घोडी नाचते, पोरी नाचतात, मामा नाचतोय. उस्मान असा वाजवत होता की मलाच वाटलं, बाई उगाच घाबरवतात. आणि कडव्याच्या मध्येच त्याचं बोट चुकलं.

उस्मानचं बोट! जे जन्मात चुकलं नाही ते!

दुसऱ्यांदा चुकलं. आणि मग मला ऐकू आलं. त्या सगळ्या गदारोळात ऐकू आलं.

फुस्स.

मी ढोल थांबवला.

बँडमध्ये एक बघा, बाकी कुणी थांबलं तरी चालतं, मोठा ढोल थांबला की सगळं थांबतं. सगळं थांबलं. घोडीसुद्धा. नवरदेवाचा काका अंगावर आला, "ए म्हाताऱ्या, झोपलास का?" उस्मान मागे वळला. डोळे लाल, आणि तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळलेला. लोकांदेखत माझ्याकडे बोट दाखवायला गेला, तर उजवा हात वर येईना. डाव्यात कॉर्नेट.

मी ते काढून घेतलं.

उस्मानच्या कॉर्नेटला त्याची बायको हात लावत नाही. फडक्याने पुसतो तोसुद्धा पाठ करून. आणि मी ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि त्याने घेऊ दिलं!

मी काकाला म्हटलं, "गाडी!" काका म्हणाला, "ती नवरदेवाची आहे, फुलं लावलीत." तेवढ्यात वर घोडीवरून नवरदेव ओरडला, "काका, द्या ना! मी बसलोय की घोडीवर!" चांगला पोरगा. त्याचं भलं होवो.

उस्मानला मागच्या सीटवर ढकलला. शेजारी मी, पुढे निवृत्ती. उस्मान काहीतरी बोलत होता. तोंडात गोधडी कोंबल्यासारखं यायचं, पण चेहऱ्यावरून शिव्या असाव्यात. निवृत्ती मागे वळून एकच सांगत होता, "चाचा, मी सकाळभर आरशात पाहत बसलो होतो. तुम्ही नका बसू."

हॉस्पिटलच्या गेटवर वॉचमनने आमच्याकडे बघितलं. फुलांची गाडी, आत तीन युनिफॉर्मवाले.

"ओ! कार्यालय पुढच्या चौकात!"

निवृत्ती खाली उतरला. एरवी त्याला बोलायची लाज वाटते, जीभ अडते म्हणून. त्या दिवशी तो असा ओरडला की वॉचमनने गेट उघडून सलाम ठोकला.

आतल्या डॉक्टरने तोच प्रश्न विचारला, "कधी सुरू झालं?"

मी म्हटलं, "दुसऱ्या कडव्यात."

तो बघतच राहिला. मग म्हटलं, "आत्ता. आत्ता हो!" स्कॅन केला, इंजेक्शन दिलं.

दोन दिवस जीभ उचलेना. गौरी बाहेर बाकावर, मी तिच्या शेजारी, मांडीवर कॉर्नेट. ठेवणार कुठे? तिसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरबाई त्याला भेटायला आल्या. त्याला उशीला टेकवून बसवलं, उजवा हात उचलायला लावला. उचलला. मग म्हणाल्या, "आता एक पूर्ण वाक्य बोला बघू. काहीही. सावकाश."

उस्मानने ओठ जुळवले. आम्ही सगळे श्वास धरून उभे. त्याने माझ्याकडे बघितलं आणि एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा बोलला,

"त्या दिवशी वरातीत अण्णा ताल चुकला."

बाईंनी टाळ्या वाजवल्या. गौरी रडायला लागली. निवृत्तीने खुळखुळा नसताना हात हलवला. दत्तू सॉरी म्हणाला.

मी ताल चुकलो नव्हतो. चार लोकांत, साक्षीदारांसमोर, स्पष्ट उच्चारात केलेला आरोप आहे हा. तो पुन्हा कॉर्नेट वाजवतो, पूर्वीसारखाच पळतो, आणि हेच वाक्य अजून सगळ्यांना ऐकवतो. गौरी म्हणाली कुणाचं नाव लिहू नका, पण मी लिहिलंच आहे आणि पुन्हा लिहिणार. ज्याने माझी माफी मागायची राहिलीय, तो इसम म्हणजे उस्मान कॉर्नेटवाला.