दोन लुगड्यांतली तुळसा

वरंधच्या वरच्या वाडीतल्या येसाजीची सून तुळसा अंगानं अगदी काडी होती. नाते गावाहून लग्न होऊन आली तेव्हा गाल भरलेले होते म्हणे. पण माहेरचे गाल सासरी किती दिवस पुरणार? डोंगरावरून लाकडाचे भारे आणायचे, नाचणीची शेतं खणायची आणि जेवायचं सगळ्यांच्या मागून. तोवर टोपलीत अर्धी भाकरी उरली तर उरली. जास्तीचा तुकडा घेतला की सासू राहीबाई म्हणायची, "बाईच्या जातीला एवढी भूक बरी नव्हं गो." आणि पाव्हणा दारात दिसला की हीच राहीबाई कपाळाला हात लावायची. "अंगावर मूठभर मास नाय तुझ्या! लोक म्हनतील, येसाजीच्या घरात सुनेला उपाशी मारतात." म्हणजे खायचं नाही, पण खाल्ल्यासारखं दिसायचं. ही विद्या कुठल्या शाळेत शिकवतात, देव जाणे!

तुळसाचा नवरा मुरारी मुंबईला गिरणीत होता. शिमग्याला आणि गणपतीला तेवढा यायचा. अठ्ठावन्न सालच्या माघात त्याचा निरोप आला, खोली मिळाली आहे, शिमग्याला येतो आणि जमलं तर तुळसाला घेऊन जातो. त्या 'जमलं तर'नं तुळसाची झोप उडवली. लग्नाला वर्षं लोटली तरी मांडीवर पोर नव्हतं, आणि असायला नवरा घरात हवा ना! यंदा त्यानं नेलं नाही तर राहीबाई दुसरी सून बघायला कमी करणार नव्हती. तसं ती बोलूनही दाखवायची.

मुंबईला राहून आलेली शेजारीण बनुबाई तुळसाला सांगत सुटली, "तकडं जाडी बाय कुनाला आवडत नाय गो. बारीक कंबर, पाचवारी साडी, सगळं कसं फिट पायजे. तू हायस तशीच बरी." तुळसाला हायसं वाटलं. जन्मात पहिल्यांदा तिची हाडं कामाला येणार होती. तरी जीव धास्तावलेलाच. विहिरीच्या पाण्यात चेहरा न्याहाळायची, मनगट दुसऱ्या हाताच्या बोटांत धरून बघायची.

शिमग्याची पालखी दारात यायच्या दिवशी घर पाव्हण्यांनी भरलं. राहीबाईनं तुळसाला माजघरात ओढलं आणि दोन लुगडी पुढ्यात टाकली. "एकावर एक नेस."

"अवो आत्याबाई, उकडंल. आनि आजच ते येनार हायत..."

"उकडू दे. माझ्या माहेरची मानसं आल्यात. माझी लाज तुझ्या अंगावर हाय."

सासूपुढं बोलायची टाप नव्हती. तुळसा नेसली. फाल्गुनातलं ऊन, अंगाला घामाच्या धारा. पालखी ओवाळायला ती बाहेर आली तेव्हा चांगली थोराड बाई दिसत होती. राहीबाईच्या भावजया खूश झाल्या. नेमका त्याच वेळी मुरारी महाडहून एसटीनं येऊन अंगणात उभा होता. थोरामोठ्यांसमोर नवराबायकोनं बोलायची रीत नव्हती. घर भरलेलं, म्हणून तुळसा बायकांत निजली आणि तो पुरुषांत. त्यानं बायको बघितली ती तेवढीच.

निघायच्या सकाळी ओटीवर तो आईला काय म्हणाला, ते तुळसानं दाराआडून ऐकलं.

"आये, ती हितंच राहू दे. केवढी सुटलीय! खोली एवढीशी, चाळीतल्या बाया हसतील. शेताला बरी हाय ती."

राहीबाईनं बोलावं तर स्वतःचंच बिंग फुटणार. तुळसाला असा काही संताप आला की तिचं तिलाच भ्या वाटलं. पाव्हणे अजून होते म्हणून दोन्ही लुगडी अंगावरच होती. तिनं आत जाऊन वरचं फेडलं, डोईवरचा पदर सावरला आणि थेट ओटीवर येऊन उभी राहिली. सासऱ्यासमोर, पाव्हण्यांसमोर. त्या घरात कुठली सून अशी आली नव्हती.

मुरारी बघतच राहिला. गळ्याची हाडं वर आलेली, पदर धरलेल्या हाताच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकलेल्या. त्याचा चेहरा उतरला. तुळसाला वाटलं, आता उमगलं याला. आता म्हणेल, चल.

तो एक पाऊल मागं सरला. "गो आये, हिला खोकला हाय काय? गिरनीत अशी मानसं लय बघितलीत मी. चाळीत एकाचा क्षय दुसऱ्याला लागतो."

"खोकला नाय," तुळसा म्हणाली. चारचौघांत नवऱ्याशी ती पहिल्यांदाच बोलत होती. "जाडी दिसले तर तुमच्या खोलीत मावत नाय. बारीक दिसले तर दुखनाईत. खाल्लं तर खादाड, नाय खाल्लं तर घरान्याची लाज जाते. मंग मी व्हऊ तरी कशी? तेवढं सांगून जावा."

येसाजीनं खाकरून मान वळवली. मुरारीनं पिशवी उचलली, "गणपतीला बघू" म्हणाला आणि एसटी चुकेल म्हणून भराभरा वाट उतरू लागला.

तुळसा तिथंच उभी. राहीबाई मागून आली आणि तिच्या कानाशी कुजबुजली, "वरचं लुगडं नेस गो आधी. पाव्हनं बघत्यात."