जहाजाच्या नाण्यावरचा राजा

ती घटना आजही आठवते, असं म्हणून निवृत्त पोलीस अधिकारी सहसा फत्ते झालेली प्रकरणं सांगतात. माझं हे प्रकरणही फत्तेच झालं होतं. प्रशस्तिपत्र मिळालं, ते चौकट करून हॉलमध्ये लावलंही. तरी पाहुणे त्याच्याकडे बघायला लागले की मी विषय बदलतो.

आमचं घराणं तंजावरकडचं. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं, घरात जुन्या वळणाचं मराठी बोलणारं. लिहिण्याजोगं मराठी मला बायकोने शिकवलं, ती साताऱ्याची. मी तमिळनाडू पोलिसांत भरती झालो आणि चढत चढत चेन्नईच्या दक्षिण भागातल्या एका ठाण्यात निरीक्षक झालो. दोन हजारच्या दशकाचा उत्तरार्ध होता. नवी संगणक कंपनी शेजारच्या सिरुसेरीत निघाली की आमच्या हद्दीतल्या घरांची भाडी वाढायची, इतपतच माझा संगणकाशी संबंध.

त्या वर्षी ठाण्यात एक उपनिरीक्षक बाई बदलून आल्या. वय तिशीच्या आत, मदुराईकडच्या, संगणकाची पदविका घेतलेल्या. मराठीचा त्यांना गंध नव्हता, आमचं सगळं बोलणं तमिळमध्ये. दोन महिन्यांत उपायुक्तसाहेबांचा फोन आला की ते मला म्हणू लागले, "त्या बाईंना द्या जरा." सत्तावीस वर्षं नोकरी केलेला माणूस मी, रिसीव्हर त्यांच्या हातात देऊन खिडकीबाहेर बघत बसायचो. स्पष्टच लिहितो, माझा जळफळाट व्हायचा. सकाळच्या हजेरीला त्यांचा गणवेश कडक इस्त्रीचा असायचा, तेसुद्धा मला खुपायचं.

अशात एक निनावी पत्र टपालाने आलं. पाकिटावर तांबरमचा, म्हणजे चेन्नईच्या दक्षिण टोकाच्या उपनगराचा शिक्का. आत टाइप केलेल्या चार ओळी आणि इंटरनेटवरच्या एका पानाची छापील प्रत. आमच्या हद्दीत राहणारा एक मराठी इंजिनीअर प्राचीन नाणी परदेशात विकतो, पुरावा सोबत जोडला आहे, असा मजकूर होता. छापील पान नाण्यांच्या खरेदीविक्रीच्या एका परदेशी संकेतस्थळाचं होतं. त्यावर शिशाच्या एका नाण्याचा फोटो, नाण्यावर दोन डोलकाठ्यांचं जहाज, खाली इंग्रजीत वर्णन, आणि विकणारा म्हणून त्या इंजिनीअरचं पूर्ण नाव.

शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू देशाबाहेर विकणं हा गुन्हा आहे. पत्र निनावी असलं तरी असं पान हाती आल्यावर गप्प बसता येत नाही. ठाण्याच्या लेखनिकाकडून, म्हणजे रायटरकडून, नोंद करून घेतली आणि इंजिनीअरला बोलावलं.

तो अमरावतीचा निघाला. सिरुसेरीच्या एका कंपनीत कामाला, अंगाने किडकिडीत. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच लटकत होतं, घाईत काढायचं राहिलेलं. सोबत बुटाच्या खोक्यात सगळी नाणी घेऊन आला होता, प्रत्येक नाणं पुठ्ठ्याच्या लहान चौकटीत. पुढच्या महिन्यात कंपनी त्याला दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवणार होती. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला असता तर पासपोर्ट अडकला असता, नोकरीही बहुधा गेली असती. अमरावतीला वडिलांना काय सांगायचं, याचीच त्याला जास्त धास्ती दिसली.

"सर, फोटो माझाच आहे," तो म्हणाला, "पण विकायला नाही लावला हो मी. मी अभ्यासाच्या साइटवर टाकला होता. तिथून कुणीही उचलू शकतं."

"कसली अभ्यासाची साइट?"

मग तो बोलायला लागला तो थांबेचना. जगभरच्या संग्रहालयांनी आपली नाणी फोटो, वजन, व्यासासकट इंटरनेटवर ठेवली आहेत. घरबसल्या दोन नाणी शेजारीशेजारी मोठी करून बघता येतात. कुणाला अक्षर लागलं नाही की तो चर्चेच्या पानावर विचारतो आणि हजारो मैलांवरचा कुणीतरी उत्तर देतो. त्याने स्वतःची नाणीही तशीच मांडली होती, प्रत्येकाखाली टिपण लिहून.

"किती वर्षं करताय हे?"

"दीड वर्ष झालं, सर."

दीड वर्ष. हा आकडा मी टिपून घेतला, पण त्याचं मोल तेव्हा कळलं नाही. गुन्हेगार चौकशीत शक्यतो कमी बोलतात आणि हा थांबत नव्हता, म्हणून मनात शंका आली की हा खरा असावा. पण शंकेवर कागद बंद करता येत नाही. नाणी पंचनामा करून ठेवून घेतली आणि त्याला शहर सोडू नका म्हणून सांगितलं.

आता नाणी खरी की खोटी हे सांगायला जाणकार हवा होता. मला लगेच राव आठवले. आमच्या समाजात जवळजवळ प्रत्येकाच्या नावामागे राव असतो, तेव्हा इथे एवढं नाव पुरे. बँकेतून निवृत्त झालेले, चाळीस वर्षं नाणी जमवणारे. दर महिन्याच्या एका रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये शहरातले नाणेसंग्राहक जमत, त्यात राव सगळ्यांचे गुरू. माझ्या वडिलांच्याही ओळखीचे. मी त्यांना मान देऊन ठाण्यात आणवलं. भिंग काढून त्यांनी जहाजाचं नाणं पाहिलं आणि स्वतःच्या हाताने इंग्रजीत जबाब लिहून दिला की नाणं अस्सल आहे, सातवाहन राजा पुळुमावी याचं आहे, आणि असं नाणं परदेशी विकणं म्हणजे देशाचं नुकसान आहे. जाता जाता माझ्याशी घरच्या बोलीत म्हणाले, "पोरगा हुशार अहे हो. पण घाई फार. इतकीं घाई बरी नव्हे."

मला ते पटलं. घाई करणाऱ्या हुशार तरुणांबद्दल माझंही हेच मत होतं, आणि त्यातली एक माझ्यापासून दोन टेबलं पलीकडेच बसली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते छापील पान पुन्हा वाचत होतो आणि एका शब्दाशी अडलो. सातवाहन हे नाव तिथे टीनंतर एच लावून लिहिलं होतं. आमच्या लग्नाची पत्रिका कुंभकोणमला छापली होती, त्यात साताऱ्याच्या नावात असाच एच पडला होता. सासरे पत्रिका हातात धरून म्हणाले होते, "अहो, हे साथारा कुठं आलं?" तमिळ मुलखात आम्ही 'त' लिहायला टीएच लिहितो, महाराष्ट्रातला माणूस नुसता टी लिहितो. हे लहानपणापासून बोटांत बसलेलं असतं, ठरवून बदलत नाही.

मी इंजिनीअरला बोलावून एक कोरा कागद दिला आणि नाण्याचं वर्णन इंग्रजीत लिहायला सांगितलं. त्याने एच लावला नाही. त्याच्या अभ्यासाच्या साइटवरच्या टिपणांत तरी कुठे एच आहे का, ते बघायला बाईंनी ती छापून आणली. एकाही ठिकाणी नव्हता. म्हणजे विक्रीचं पान त्याच्या नावाने दुसऱ्याच कुणीतरी, इकडे वाढलेल्या माणसाने लिहिलं होतं. मी खूश झालो. संगणकाची पदविका नसताना मी हे पकडलं होतं! बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात मी रायटरला ते दोनदा समजावून सांगितलं.

"सार, हे बरोबरच आहे," बाई म्हणाल्या, "पण टीएच तर अख्खं चेन्नई लिहितं. मीसुद्धा."

मग त्यांनी टेबलावर तीन कागद ओळीने मांडले. विक्रीचं पान, इंजिनीअरचं टिपण आणि रावांचा जबाब. नाणं एकच, फोटो एकच. इंजिनीअरने आपल्या टिपणात राजाचं नाव यज्ञ सातकर्णी लिहिलं होतं. विक्रीच्या पानावर मात्र पुळुमावी. आणि रावांच्या जबाबातही पुळुमावी.

"त्या मुलाच्या नावाने पान करायचं तर त्याचंच टिपण उतरवून घेणं सोपं होतं, सार," त्या म्हणाल्या. "फोटो उचलला, वजन उचललं, व्यास उचलला. राजाचं नाव तेवढं बदललं. ज्याला त्या मुलाचं वाचन खोटेपणानेसुद्धा लिहवलं नाही, असा माणूस कोण?"

मी नुसतं "हं" म्हणालो. शाबासकीचा एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाही.

इंजिनीअरला विचारलं तर तो उलट गोंधळला. "राव सर? त्यांनीच तर मला नाणं धरायला शिकवलं, सर. एकदा रविवारच्या मीटिंगमध्ये त्यांच्याकडच्या अशाच जहाजाच्या नाण्याबद्दल मी म्हटलं होतं, हा पुळुमावी नाही, यज्ञ सातकर्णी वाटतो. असलंच दुसरं नाणं इंटरनेटवर आहे, त्यात अक्षरं स्पष्ट आहेत. लॅपटॉपवर सगळ्यांना दाखवलं. राव सर 'बरं, बरं' म्हणाले." रावांना त्या दिवशी काही झालं असेल, हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं.

बाई तांबरमला गेल्या. स्टेशनबाहेरच्या ब्राउझिंग सेंटरांत, म्हणजे सायबर कॅफेंत, चौकशी केली. तिसऱ्या ठिकाणी मालकाला आठवलं, एक म्हातारे गृहस्थ सलग तीन दिवस आले होते, पडद्यालाही भिंग लावून बघत होते, फोटो कसा चढवायचा ते विचारत होते. राव राहायचे शहरात मैलापूरला; इंटरनेट बघायला ते लोकल गाडीने तांबरमपर्यंत गेले होते, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून.

रावांना बोलावलं. मी दमदाटी केली नाही, फक्त तीन कागद त्यांच्यापुढे तसेच ओळीने मांडले. त्यांनी ते वाचले, भिंग खिशातून काढलं आणि पुन्हा ठेवलं. बाई जबाब लिहून घ्यायला शेजारी उभ्या होत्या. राव तमिळ सोडून घरच्या बोलीत शिरले.

"चाळीस वर्षें," ते म्हणाले. "एक पुस्तक मागवलों तर सहा महिने वाट बघायचं. म्यूझियमच्या लायब्ररींत उभं राहून हातानें उतरवून घेतलों सगळं. बायको म्हणायची, नाण्यांशींच लग्न करायचं होतं तुम्हीं. आणि हा पोरगा दीड वर्षांत बटन दाबतो आणि मज सांगतो, सार, तुमचा राजा चुकला. सगळ्यांसमोर! त्या रविवारपासून मज कोणी कांहीं विचारत नाही. सगळे त्याच्या लॅपटॉपभोवतीं."

"त्याचं वाचन चूक होतं का?"

त्यांनी विक्रीचं पान उलटं करून ठेवलं. मग म्हणाले, "बरोबर अहे. घरीं जाऊन बघितलों. बरोबर अहे, म्हणूनच तर!"

एवढं बोलून ते रडले. मी पुष्कळ गुन्हेगार रडताना बघितले आहेत आणि त्यांचा मला कंटाळा येतो. त्या दिवशी मात्र मी मान खाली घातली, कारण त्यांच्या तोंडचं प्रत्येक वाक्य माझं बाईंबद्दल मनात म्हणून झालेलं होतं.

डोळे पुसून रावांनी विचारलं, "कोण धरलं हें? राजाचं नांव?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना प्रश्न कळला नव्हता.

"मी," मी म्हणालो.

"काय विचारलं त्यांनी, सार?" बाईंनी तमिळमध्ये विचारलं.

"काही नाही. पुढे लिहा."

इंजिनीअरने तक्रार करायला साफ नकार दिला. वरिष्ठांना विचारून रावांचा लेखी माफीनामा घेतला, त्यांनी ते पान संकेतस्थळावरून उतरवलं, आणि कागद बंद झाला. नाणी परत देताना मुलाने मोजूनसुद्धा घेतली नाहीत. महिन्याभरात तो जर्मनीला गेला. काही दिवसांनी त्याने मला त्याच्या अभ्यासाच्या साइटवरचं पान पाठवलं. जहाजाच्या नाण्याखाली रावांनी इंग्रजीत एक ओळ लिहिली होती की सातवाहनांचं हे नाणं यज्ञ सातकर्णीचंच, वाचन तुमचं बरोबर. सातवाहन लिहिताना त्यांनी एच गाळला होता, त्या मुलाच्या पद्धतीने.

मी अहवाल लिहिला. त्यात एच होता, राजाचं नाव होतं, आणि दोन्हींचा शोध 'तपास अधिकाऱ्याने बारकाईने' लावला होता. बाईंच्या वाट्याला तांबरमची एक ओळ आली. प्रशस्तिपत्र माझ्या नावाने निघालं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं नातेवाईक विचारतात. मत्सरी माणूस ओळखायचा कसा, ते शिकलो, असं उत्तर मी पुष्कळ वर्षं देत आलो. उत्तर खोटं नाही, फक्त ओळखायला फार लांब जावं लागलं नव्हतं, एवढं सांगायचं राहून जायचं.

हे लिहायला बसण्याआधी मी बाईंना फोन केला. आता त्या मी निवृत्त झालो त्या हुद्द्याच्याही वर आहेत. चाचरत म्हटलं, त्या दिवशी राव काय विचारत होते ते तुम्हाला सांगायचं राहिलं.

त्या हसल्या. "तेव्हाच कळलं होतं, सार."

"तुम्हाला मराठी येतं?"

"नाही, सार. त्यांनी विचारल्यावर तुम्ही छातीवर हात ठेवलात ना."

शेवटी विचारलं, लेखात तुमचं नाव घालू का. त्या म्हणाल्या, नोकरीत आहे अजून, नाव नको, फक्त खरं काय ते लिहा.

तर लिहितो. जहाजाच्या नाण्यावरचं राजाचं नाव त्यांनी पकडलं. मी नाही.