शनिवार-रविवारचं पाळणाघर

लोणावळ्यात हॉटेलच्या रिसेप्शनवर नोकरी करायची तर एक गोष्ट विसरायची, शनिवार-रविवारची सुट्टी. जग फिरायला येतं तेव्हा आपण उभं राहायचं. माझी लेक चौदा महिन्यांची झाली, रजा संपली, आणि मी तिला सांभाळणारं घर शोधायला निघाले.

पहिल्या बाईंच्या दारावर 'घरगुती पाळणाघर' अशी पाटी होती. घर स्वच्छ, बोलणं गोड. मी शनिवार म्हटलं मात्र, त्यांचा चेहराच पडला. "अहो, शनिवार-रविवार आमच्या दोन्ही खोल्या टुरिस्टला जातात. आम्हीच किचनमध्ये झोपतो." दुसरीकडे तेच, तिसरीकडेही तेच. अख्खं गाव पाहुण्यांना अंथरूण घालायला तयार, पण एका तान्ह्या पोरीला कोपरा मिळेना! आम्ही राहतो कार्ल्याला, सासूबाई घरातच होत्या. पण पोर म्हटलं की त्यांचे गुडघे दुखत, मत द्यायचं म्हटलं की थांबत.

शेवटी हॉटेलात चादरी धुणाऱ्या मावशींना विचारलं. त्यांनी नुकतंच काम सोडलं होतं, कंबर साथ देत नव्हती. डोंगराकडेच्या आदिवासी वाडीत घर, अंगणात कोंबड्या. "आणा की ताई. लेकराला काय, जिथं चार माणसं तिथं रमतं." आणि रमलीच. तीन महिन्यांत गाल वर आले, 'आ' करून नाचणीची भाकरी मागायला लागली. मला वाटलं, सुटले बाई एकदाची.

कुठली सुटतेय! घरी एकदा तिनं पोळी ढकलली आणि "भाकल" म्हणाली. सासूबाईंनी खोदून खोदून विचारलं. मग जे सुरू झालं! "त्यांच्या ताटात जेवते आपली पोर? उद्या गावात तोंड दाखवायचं कसं?" नाकानं कांदे सोलायला यांना ताकद भरपूर. नवरा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. मला त्या दोघांचा संताप आला. पण भांडले नाही. मला नोकरी हवी होती आणि घरात शांतताही.

दुसऱ्या दिवशी मी मावशींच्या हातात डबा ठेवला. "डॉक्टरांनी सांगितलंय, फक्त घरचंच द्यायचं." डॉक्टर कसला नि काय! मावशींनी माझ्याकडे पाहिलं, "बरं" म्हणाल्या आणि डबा घेतला. त्यांना सगळं कळलं होतं.

आठवडाभरानं, शुक्रवारी त्यांनी दारातच थांबवलं. "ताई, उद्यापासून नका आणू. मी खाया बसले की पोर माज्या ताटाकडं हात करती. लेकरानं हात पसरायचा आन मी न्हाई म्हणायचं, ह्ये माज्यानं व्हत न्हाई."

त्या क्षणी मी त्यांचे पाय धरायला हवे होते. खोटं बोलले म्हणून निदान माफी मागायला हवी होती. मी काय म्हणाले? "मावशी, एवढा शनिवार-रविवार तरी नीट सांभाळा. हॉटेल फुल आहे."

त्यांनी सांभाळलं. रविवारी संध्याकाळी घ्यायला गेले तेव्हा मावशी आत आडव्या झाल्या होत्या. त्यांच्या सुनेनं पोर माझ्या कडेवर दिली, रिकामा डबा धुऊन दिला. मी विचारलं, "मावशींना बरं नाही का?"

"बरं हाय. पर दोन दिस आत्याबाई दिवसाच्या जेवल्याच न्हाईत," ती म्हणाली. "पोर असंस्तवर ताट घ्यायचं न्हाई म्हणल्या."

मला माझीच किळस आली. तरीही मी आत गेले नाही. सोमवारी राजीनामा दिला. सासूबाई खुशीत म्हणाल्या, "बरं झालं, आता पोर घरीच जेवेल."