कर्ण्याचा कान

कर्णेकाका हे नाव गल्लीने ठेवले आणि काकांनी ते पदवीसारखे मिरवले. सभागृहांचे, शाळांचे, क्रीडांगणांचे बिघडलेले स्पीकर आयुष्यभर दुरुस्त करणाऱ्या माणसाला दुसरे कोणते नाव शोभणार? शिवाय कर्णा बोलतो, ऐकत नाही. हे साम्य गल्लीच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. शब्दात कर्ण, म्हणजे कान, दिसतो खरा, पण काकांच्या ठायी तो शोधूनही सापडत नसे.

माणूस प्रेमळ, कष्टाळू, निर्व्यसनी. फक्त अखंड बोलणारा. स्पीकर खरखरतो असे सांगायला ग्राहकाने तोंड उघडले की काका त्याचे वाक्य पुरे करून वर उपायही सांगत. दुकानात हे कौशल्य ठरते. संसारात त्याला काय म्हणावे, हा प्रश्न काकूंनी बरीच वर्षे पुढे ढकलला होता. सत्ता नेहमी दरडावूनच चालते असे नाही. समोरच्याचे वाक्य आपुलकीने पुरे करूनही ती चालवता येते.

आता मात्र निकड होती. मुलींच्या एका वसतिगृहाने काकूंना व्यवस्थापिकेचे काम देऊ केले होते. शनिवार-रविवार सोडून तिथेच राहायचे. होकार की नकार, ते उद्या सकाळी कळवायचे होते. काकूंनी विषय काढला तेव्हा ‘वसतिगृह’ एवढाच शब्द कानी पडला आणि काकांनी तिथल्या जेवणघरात स्पीकर किती उंचीवर हवा, याचे विवेचन आरंभले. काकूंनी पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा विवेचनाचा उत्तरार्ध ऐकावा लागला.

त्या दुपारी काकांनी एक दुरुस्त केलेला स्पीकर तपासण्यासाठी दुकानामागच्या स्वयंपाकघरात ठेवला, मधले दार लावले आणि पुढे येऊन त्याची वायर अ‍ॅम्प्लिफायरला जोडली. घाईत ती स्पीकरच्या जागी माइकच्या खाचेत गेली. मागून आवाज येईना, म्हणून त्यांनी बटण शेवटपर्यंत फिरवले. तेव्हा समोरच्या टेबलावरचा, अ‍ॅम्प्लिफायरला आधीच जोडलेला दुसरा स्पीकर काकूंच्या आवाजात बोलू लागला. भाजी चिरता चिरता त्या मागच्या मुक्या खोक्याशी बोलत होत्या.

“तू तरी ऐक बाबा. मला जायचंय त्या वसतिगृहाच्या कामाला. ह्यांना सोडून नाही, ह्यांच्या बोलण्यातून जरा बाहेर. न सांगता गेले तर मन खाईल. आणि सांगू कधी? हे श्वास घेतात तेव्हा?”

काकांचा हात बटणावरच राहिला. चूक त्यांना तत्क्षणी उमगली. स्पीकरमध्ये चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे असते. त्यात वीज सोडली की ते थरथरते आणि कागदी पडदा बोलतो. उलट, समोरच्या आवाजाने पडदा हलला की वेटोळेही हलते. त्यातून जाणारा चुंबकीय अभिवाह, म्हणजे चुंबकीय क्षेत्राचा त्याच्या वाट्याला येणारा भाग, कमीजास्त होतो आणि त्या बदलातूनच तारेत वीज उपजते. चुंबक कितीही बलवान असो, काहीच हलले नाही तर वीज शून्य. काकूंवरचा काकांचा जीव असाच होता: बलवान, आणि जागचा न हलणारा.

ते आत गेले.

“वसतिगृहाचं काम कधीपासून आहे?”

काकूंची सुरी थांबली. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

एवढ्या वर्षांत प्रथमच काकांकडे कोणी आपणहून स्पष्टीकरण मागत होते. चुंबक, वेटोळे, अभिवाह, सारे जिभेच्या टोकाशी येऊन उभे राहिले.

“ते मागाहून,” काका म्हणाले. “आधी तू सांग.”

काकूंना हे इतके अनपेक्षित होते की सुरुवात कुठून करावी, तेच सुचेना. काका थांबले. मग काकू बोलू लागल्या: मुलींबद्दल, स्वतःच्या मिळकतीबद्दल, आणि आधीच्या बऱ्याच न सांगितलेल्या गोष्टींबद्दल. मध्येच एकदा काकांनी वाक्य पुरे करायला तोंड उघडले. काकूंनी नुसते पाहिले आणि ते मिटले.

“तर मी उद्या हो कळवते,” काकू शेवटी म्हणाल्या.

हे विचारणे नव्हते, हेही काकांना नीट ऐकू आले.