रिकामी बरणी परत जात नाही

कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत सगळे ज्यांना घाबरतात ते नंदकुमार परुळेकर दिसायला अगदी निरुपद्रवी आहेत. आवाज मऊ, अंगकाठी बांबूची, पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढण्यात हयात गेलेली. माणसं घाबरतात ती त्यांच्या औदार्याला. मी उभं आयुष्य नाटकांतून कामं केली, भल्याभल्या खलनायकांना रंगमंचावर प्रवेश करताना पाहिलं. पण सकाळी बेल वाजावी, दाराच्या छिद्रातून पाहावं आणि बाहेर परुळेकर छातीशी काचेची बरणी धरून उभे असावेत, तेव्हा काळजाचा जो ठोका चुकतो, तो त्यातल्या एकाही खलनायकाला चुकवता आला नाही.

बरणीत बिंबलाचं लोणचं असतं. बिंबल ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना सांगते. बोटभर लांबीचं, पोपटी, काकडीच्या पिल्लासारखं फळ. ते फांदीला शोभेसारखं लटकत नाही, थेट खोडाला घोसाघोसाने चिकटतं, जणू झाडाला घामोळं आलंय. आणि आंबट असं की चिंचेने पुढे येऊन पाया पडावं. कोकणात ते माशाच्या कालवणात घालतात, त्याने पितळेची भांडी घासतात. एकच फळ या दोन्ही कामांना चालतं, यावरून काय ते समजा.

हे झाड परुळेकरांनी आपल्या तळमजल्याच्या खिडकीसमोर, कंपाउंडलगतच्या मातीत लावलं. परुळेकर मूळचे वेंगुर्ल्याकडचे. फ्लॅटचा ताबा मिळेपर्यंत ते बोनकोडे गावात पुतळाबाईंच्या घरी भाड्याने राहत. बाईंच्या परसात बिंबल होतं. निघताना परुळेकरांनी रोप मागितलं. बाईंनी दिलं, पण वर बजावलं, "लाव, पन हे झाड द्याला लागलं का देतच र्‍हाते. मंग मना बोलू नको." परुळेकरांना तो आशीर्वाद वाटला.

झाड वाढलं आणि द्यायला लागलं. बादल्या भरायला लागल्या. त्यांच्या पत्नी जयमालावहिनींचे दात पहिल्याच हंगामात आंबले, ते लवकर सरळ झाले नाहीत. त्यांनी स्वयंपाकघराचा तेवढा कोपरा नवऱ्याला देऊन टाकला. परुळेकर फळं चिरत, मीठ लावून उन्हात ठेवत, तिखट-हळद घालून बरण्या भरत. आणि मग निघत.

आता कोणी म्हणेल, एवढं काय त्यात, एकदा घ्यावं आणि विषय संपवावा. पण विषय संपत नाही. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. मग लोक परुळेकरांच्या बरणीतून कोणी शिरा, कोणी चिवडा पाठवत. परुळेकर गहिवरत. एवढ्या प्रेमाने दिलेल्या चिवड्याला नुसतं थँक्यू म्हणायचं? आठ दिवसांत बरणी पुन्हा दारात, लोणच्याने गळ्यापर्यंत भरलेली. म्हणून शहाणे लोक बरणी परतच करेनात. प्रत्येक घराच्या फडताळात मागच्या रांगेत परुळेकर मुरत पडलेले.

या सगळ्याला शह द्यायला उभा राहिला आमचा सेक्रेटरी शौनक. मुलगा हुशार, ऐरोलीला कंपनीत कामाला, आणि त्याच्या नव्या पांढऱ्या गाडीची जागा बरोब्बर झाडाखाली. पिकलेलं बिंबल टपकन बॉनेटवर पडतं, फुटतं, आणि त्या रसाने रंगावर डाग उठतात. शौनक रोज सकाळी ऑफिसला निघताना त्या गाडीकडे असा बघे, जणू लेकराला गोवर आलाय.

झाड तोडायला पालिकेची परवानगी लागते आणि तिच्यासाठी अर्ज करायला सोसायटीचा ठराव. गेल्या वर्षी शौनकने ठराव मांडला होता. जिन्यात सगळ्यांनी त्याला होकार दिला होता. सभेत मात्र ठरावाला अनुमोदन द्यायला एक हात वर झाला नाही. शौनकने डोकं चालवलं आणि रोगाचं मूळ शोधून काढलं. ज्याची बरणी आपल्या फडताळात आहे, त्याच्याविरुद्ध हात उचलत नाही. बोट उचलतं, हात नाही.

म्हणून यंदा सभेच्या आधी त्याने परुळेकरांना वगळून बाकीच्यांना फोनवर निरोप धाडला, की रविवारपर्यंत सगळ्यांनी बरण्या परत करून मोकळं व्हावं. अध्यक्षांनी अनुमोदनाचा शब्दही दिला. योजना चोख होती. फक्त ती बनवताना शौनकने स्वयंपाकघराचा विचार केला नव्हता.

बरणी परत करायची म्हणजे तिच्यात काहीतरी घालायचं. सगळ्यांनी हे काम शेवटच्या सकाळवर ढकललेलं. पुढे काय झालं ते शौनकच्या बायकोने, श्रुतीने, मला नंतर सांगितलं. घरात ना रवा, ना पोहे. होतं ते बिंबलाचं लोणचं, दोन वर्षांचं. तेच परत द्यायचं तर निदान ओळखू येऊ नये, म्हणून तिने मोहरी-हिंगाची चरचरीत फोडणी केली, गुळाचा खडा विरघळवला आणि सगळं कालवून बरणीत भरलं. असा शहाणपणा सुचलेली ती एकटीच, असा तिचा समज होता. इतर घरांतही हाच समज होता. कोणी लसूण घातला, कोणी मेथी.

सभा पार्किंगमध्येच भरते. परुळेकर आले ते दोन्ही हातांत परत आलेल्या बरण्यांच्या पिशव्या घेऊन. विषयपत्रिकेत आपलं झाड आहे हे त्यांनी वाचलं होतं. चेहरा उतरलेला, शर्टाचं बटण चुकीच्या काजात. शौनकने ठराव वाचला. अध्यक्ष घसा खाकरून उठणार, तेवढ्यात परुळेकर म्हणाले, की आज सकाळी सगळ्यांनी बरण्या परत पाठवल्या त्याचा अर्थ मला कळला, पण पाठवलेलं अन्न चाखल्याशिवाय ठेवून द्यायची आमच्याकडे रीत नाही. सभेचं काय ते होऊ दे, मी जरा चाखतो.

त्यांनी हाताला आली ती बरणी उघडली. चमचा आतून बाहेर आला, तोंडात गेला. अशी शांतता मला पूर्वी तिसऱ्या अंकाच्या शेवटीच मिळायची, तीही नेहमी नाही.

"बिंबलं आपलीच," परुळेकर हळूच म्हणाले. "पण ही फोडणी माझी नाही. हात वेगळा आहे. श्रुती, ही बरणी तुमच्याकडची ना? तू केलंस?"

श्रुतीपुढे दोन वाटा होत्या. तुमचं लोणचं तुम्हालाच परत केलं, असं भर सभेत सांगायचं, किंवा हो म्हणायचं.

"हो काका. मी दरवर्षी करते."

शौनकने बायकोकडे पाहिलं. तिने नोटीसबोर्डाकडे पाहिलं.

परुळेकरांनी दुसरी बरणी उघडली, लसणाची. अध्यक्षांच्या पत्नी कोणी विचारायच्या आधीच म्हणाल्या, की आमच्याकडे सासूबाईंपासून लसूणच घालतात. मग मेथीवाल्या बाईंना राहवेना. सगळ्या सभेला आपापली पाककृती आठवायला लागली.

परुळेकर चमचा धरून उभेच राहिले. डोळे भरून आले होते. "मला वाटायचं, मी म्हातारा उगाच दारोदार फिरतो. तुम्ही सगळे करता? मग झाड गेल्यावर फळं आणणार कुठून?"

शौनक बायकोच्या कानाशी वाकला. "तूच म्हणत होतीस ना, वीट आलाय?"

"आत्ता टेन्शन देऊ नकोस," श्रुती कुजबुजली. "खाली बस."

ठरावाला अनुमोदन विचारलं गेलं. अध्यक्षांनी पत्नीकडे पाहिलं आणि त्यांना एकाएकी पाण्याच्या टाकीचा विषय तातडीचा वाटला.

परुळेकरांना त्या दिवशी खरोखर काही कळलं नाही, की सगळं कळलं होतं? मी अभिनय ओळखते असा माझा दावा असतो. इथे मी गप्प बसते. त्यांच्या बाजूने एवढंच सांगते की हा माणूस लोणच्याच्या बाबतीत खोटेपणा कधी करत नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बरण्या वाटणं बंद केलं. आता प्रत्येक दाराच्या कडीला कच्च्या, ताज्या बिंबलांची पिशवी असते. करणाऱ्या घरात आयतं लोणचं पाठवणं त्यांना अपमान वाटतो. श्रुतीने पहिल्याच दिवशी जयमालावहिनींना फोन करून मिठाचं प्रमाण विचारलं. वहिनी इतक्या हसल्या की त्यांचे दात पुन्हा आंबले म्हणे.

कच्ची फळं पिकायच्या आत काढावी लागतात. उंचावरची परुळेकरांच्या हाताला येत नाहीत. म्हणून रविवारी सकाळी शौनक स्टुलावर चढून घोस उतरवतो आणि खाली श्रुती बादली धरते. गाडीवर एक डाग पडलेला नाही. शौनक म्हणतो, ठराव कशाला हवा होता, हे मी आधीच सुचवणार होतो.